सरन्यायाधीशांचा ‘सर’ आणि मतदारांचा ‘दार’

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर अभ्यंगस्नान होते, अंगाला उटणे लागते, मग फराळाची ताटे पुढे येतात आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पाडवा उजाडतो. ह्या चार शब्दांत चार उपसर्ग दडून बसले आहेत, असे कोणी सांगू लागला तर ऐन सणात मास्तरांनी व्याकरण काढले म्हणून मंडळी नाक मुरडतील. पण गोष्ट खरी आहे. ‘अभ्यंगा’तले ‘अंग’ म्हणजे शरीर नव्हे. तो ‘अञ्ज्’ धातू आहे, माखणे ह्या अर्थाचा, ज्यापासून डोळ्यांतले अंजन आले. त्याच्या आधी ‘अभि’ लागला. ‘उटणे’ हे ‘उद्वर्तना’चे झिजलेले रूप, त्याच्या पोटात ‘उद्’ आहे. ‘फराळ’ म्हणजे मूळचा ‘फलाहार’, त्यात ‘आ’ बसला आहे. फळे कधीच गेली, त्यांच्या जागी चकली आणि कडबोळी आली, तरी ‘आ’ आपला आहे तिथेच. आणि ‘पाडवा’ हा ‘प्रतिपदे’चा नातू. तिच्यातल्या ‘प्रति’ला प्राकृताच्या वाटेने येताना इतक्या ठेचा लागल्या, की त्याचा ‘पाड’ झाला.

हाच ‘प्रति’ इतरत्र ‘पड’ होऊन मराठीत नांदतो. पडसाद, पडछाया, पडजीभ ही त्याची लेकरे. (पडदा मात्र ह्या कुळातला नव्हे, तो फारसीतून आलेला पाहुणा आहे, नुसत्या चेहऱ्यावरून नाते जोडू नये.) पुढे पंडितांनी संस्कृतातून तोच ‘प्रति’ नवा कोरा आणला आणि प्रतिध्वनी, प्रतिबिंब असे शब्द रूढ केले. म्हणून आज आपल्या घरात आजोबा आणि नातू एकाच नावाने वावरावेत तसे पडसाद आणि प्रतिध्वनी शेजारी शेजारी राहतात.

शब्दाच्या आधी लागतो तो उपसर्ग आणि मागून लागतो तो प्रत्यय, एवढे शाळेत सर्वांनीच घोकलेले असते. ‘हृ’ ह्या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे सगळे निघतात, हेही घोकलेले असते. पण घोकलेले आणि कळलेले ह्यांत अंतर आहे. एस. टी. च्या अनेक स्थानकांवर ‘उपहारगृह’ अशी पाटी दिसते. उपहार म्हणजे भेट, नजराणा. लहानसा आहार तो ‘उपाहार’. एका काना-मात्रेने तिथल्या वड्याची भेटवस्तू होऊन बसते. पैसे मात्र वड्याचेच द्यावे लागतात.

तर ही उपसर्ग-प्रत्ययांची जात दिसायला क्षुद्र. त्यांना एकट्याने कुठे जाता येत नाही, स्वतःचा अर्थही नीट सांगता येत नाही. पण राज्ये आली-गेली, शब्द हद्दपार झाले, नवे शब्द हुकमाने बसवले गेले, आणि ह्या सगळ्या धामधुमीत जे कोणाला हलवता आले नाही ते हे शेपटाएवढे तुकडेच. मराठीचा इतिहास राजांच्या नावांवरून जसा सांगता येतो, तसा तो ‘दार’ आणि ‘सर’ ह्यांच्यावरूनही सांगता येईल. निदान मला तरी तो तसा सांगायला आवडतो.

बहमनी राज्य १३४७ साली स्थापन झाले आणि दख्खनच्या दप्तरात फारसी शिरली. पुढे तीनशे वर्षे ज्याला कचेरीत काम होते त्याला फारसी शब्दांवाचून गत्यंतर नव्हते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांतले शब्द अक्षरशः मोजून काढले. १६२८ सालच्या एका पत्रात शंभरातले सुमारे पंच्याऐंशी शब्द त्यांना फारसी आढळले. १६७७ च्या पत्रात हे प्रमाण चाळिसाच्या आत आले आणि १७२८ च्या पत्रात ते सहा-सातांवर उतरले. शंभर वर्षांत एवढा पालट झाला तो आपोआप नव्हे. मधल्या काळात ६ जून १६७४ ह्या दिवशी रायगडावर राज्याभिषेक झाला होता.

शिवछत्रपतींनी नुसते सिंहासन उभारले नाही, त्या सिंहासनाला शोभणारी भाषाही मागितली. रघुनाथपंडितांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ त्या आज्ञेतून निर्माण झाला. संस्कृत श्लोकांत रचलेला हा कोश दहा वर्गांत विभागलेला आहे. राजाच्या मुदपाकखान्यापासून शस्त्रांपर्यंत, किल्ल्यांपासून बाजारापर्यंत, दरबारी वापरातल्या शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. अष्टप्रधानांची नावे तर सर्वांना पाठ आहेतच: पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव, वाकनिसांचे मंत्री, डबिरांचे सुमंत, सरनौबतांचे सेनापती. साडेतीनशे वर्षांनंतर मुंबईच्या मंत्रालयात मंत्री आणि सचिवच बसतात, तेव्हा हा उपक्रम फसला असे कोणी म्हणू शकणार नाही.

पण ह्या यादीकडे जरा तिरप्या नजरेने पाहावे. मुजुमदारातला ‘दार’ गेला, सुरनिसातला ‘नीस’ गेला, सरनौबतातला ‘सर’ गेला. गेला तो त्या त्या शब्दातून. बाळाजी आवजी राज्याभिषेकाच्या आधीही चिटणीस होते आणि नंतरही चिटणीसच राहिले. ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. आधीचे ‘चिट’ मात्र आपल्या चिठ्ठीच्या घरचे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ किल्ल्यांच्या व्यवस्थेविषयी बोलू लागते तेव्हा त्यात हवालदार, सरनोबत आणि सबनीस पुन्हा आपापल्या जागी उभे असतात. म्हणजे लिहिणारे अमात्य, पण ज्यांच्याविषयी लिहायचे ते हवालदार! पेशव्यांनी आपल्या शिक्क्यात ‘मुख्य प्रधान’ हे पद कोरून घेतले, आणि लोकांनी १८१८ पर्यंत, किंबहुना आजपर्यंत, त्यांना पेशवेच म्हटले.

असे का व्हावे? मला वाटते, परका शब्द आणि परका प्रत्यय ह्यांत मोठा फरक आहे. शब्द हा उसना आणलेल्या भांड्यासारखा असतो. तो परत करता येतो, त्याच्या जागी घरचे भांडे मांडता येते. प्रत्यय हे हत्यार असते. ते एकदा हाताच्या सवयीचे झाले, त्याने घरच्याच लाकडावर काम सुरू झाले, की ते कोणाच्या दुकानातून आले होते हे सुताराला आठवत नाही. ‘वतनदार’, ‘जमीनदार’ हे शब्द अख्खेच्या अख्खे बाहेरून आले असतील. पण त्यांच्यातला ‘दार’ वेगळा काढून मराठी माणसाने तो आपल्या शब्दांना लावला आणि टोकदार, धारदार, पाणीदार, डौलदार, चवदार, ठेवीदार असे शब्द केले. हे शब्द शिकवायला कोणी मौलवी आला नव्हता. ‘खोर’ घेतला आणि भांडखोर केला. ‘बे’ घेतला आणि बेभान, बेसूर, बेताल, बेचव केले. भान, सूर आणि ताल हे सगळे संस्कृताच्या घरचे! ‘गैर’ घेऊन गैरसमज आणि गैरसोय केली. ‘दर’ घेऊन दरडोई केले. डोई कोणाची, तर आपल्याच मावळ्याची. आणि आम्हा शाळामास्तरांच्या धंद्यातला सर्वांत भयंकर शब्द, ‘नापास’. त्यातला ‘ना’ फारसी, ‘पास’ इंग्रजी आणि रडणारे पोर मराठी.

ह्यात आणखी एक गंमत आहे, ती भाषापंडितांनी उकलून दाखवली. फारसी आणि संस्कृत ह्या फार जुन्या काळच्या एकाच घरातल्या. फारसीतला ‘सर’ म्हणजे डोके आणि संस्कृतातले ‘शिरस्’ म्हणजेही डोके. दोन्ही एकाच मुळापासून आलेली. फारसीतला ‘दार’ म्हणजे धारण करणारा आणि आपला ‘धृ’ धातू, ज्यापासून मुरलीधर आणि गिरिधर झाले, हे सख्खे चुलतभाऊ. ‘ना’ आणि ‘न’ ह्यांचे नाते तर सांगायलाही नको. तेव्हा ह्या प्रत्ययांना हाकलण्याची भाषा जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा ती खरे पाहता भाऊबंदकीच होती.

इंग्रजी अमदानीत कचेरी बदलली, शाळा आली, छापखाना आला. (छापखान्यातला ‘खाना’ही ओळखीचाच.) दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली छापून निघाले आणि मराठीच्या रचनेचा विचार मराठीतच होऊ लागला. पुढे मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संस्कृत, देशी आणि फारसी अशा सगळ्या उपसर्ग-प्रत्ययांची साद्यंत मोजदाद मांडली. पण ह्या काळातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट व्याकरणकारांची नाही, जोतीराव फुल्यांची आहे. १८७३ ह्या एकाच वर्षात त्यांनी दोन नावे महाराष्ट्राला दिली. पुस्तकाचे नाव ‘गुलामगिरी’ आणि संस्थेचे नाव ‘सत्यशोधक समाज’. पहिल्यात अरबी ‘गुलाम’ला फारसी ‘गिरी’. दुसऱ्यात शुद्ध संस्कृत ‘शोधक’, ‘अक’ प्रत्यय लावलेला. जो जाच लोक रोज भोगत होते त्याला लोकांच्या तोंडचा प्रत्यय, आणि जे अजून घडवायचे होते त्याला संस्कृत. ती भाषा ज्यांची मिरास समजली जात होती, त्यांच्याच कोठारातून त्यांनी हा शब्द उचलला. फुल्यांनी हे असे ठरवून केले असेल असे मी म्हणत नाही. चांगल्या लेखकाचा हात हत्यारांच्या पेटीत आपोआप योग्य जागी जातो.

आता एका शब्दाजवळ जरा थांबू. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि लोकमान्य टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि बहिष्कार ही चतुःसूत्री देशापुढे ठेवली. ‘बहिष्कार’ हा शब्द त्यांनी नव्याने घडवला नव्हता. गावाने किंवा जातीने एखाद्याला वाळीत टाकावे, त्याचे पाणी तोडावे, त्याच्या घरची चूल विझवावी, हा बहिष्कार महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. तोच शब्द आता विलायती कापडाला लागला. ‘बहिस्’ म्हणजे बाहेर आणि ‘कार’ म्हणजे करणे, बाहेर करणे. ह्या शब्दात करणाऱ्याच्या हातातले बळ आहे. बहिष्कार आपण घालतो.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १९२७ च्या एप्रिल महिन्यात, मुंबईत एक पाक्षिक निघाले. संपादक डॉ. भीमराव आंबेडकर. नाव ‘बहिष्कृत भारत’. उपसर्ग तोच, धातू तोच. ‘कार’च्या जागी ‘कृत’ आला. व्याकरणाच्या दृष्टीने एका प्रत्ययाची अदलाबदल. आणि तेवढ्याने सगळे दृश्य उलटे झाले. ज्याने बाहेर काढले तो शब्दातून दिसेनासा झाला, आणि ज्याला बाहेर काढले तो समोर येऊन उभा राहिला. टिळकांच्या शब्दातला देश बाहेरच्या मालाला दार बंद करीत होता. आंबेडकरांच्या शब्दातला देश त्या दाराबाहेर शतकानुशतके उभा होता.

ह्या लढ्याच्या शब्दांत प्रत्ययांचे फार सूक्ष्म हिशेब आहेत, आणि ते शाळेत कोणी सांगत नाही. ‘अस्पृश्य’ घ्या. त्यात ‘य’ प्रत्यय आहे. पेय म्हणजे पिण्याजोगे, वंद्य म्हणजे ज्याला वंदन करावे असा. तसा अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवू नये असा. ह्या ‘य’मध्ये एक आज्ञा लपली आहे, पण आज्ञा करणारा कोण, ते शब्द सांगत नाही. जणू तो माणसाचा गुणधर्मच! मग ‘पतित’ घ्या. ‘पत्’ म्हणजे पडणे. पतित तो, जो पडला. कोणी ढकलले का? शब्द गप्प आहे. आपला आपण पडला असेल. आणि ‘दलित’? ‘दल्’ म्हणजे भरडणे, चिरडणे. ‘इत’ प्रत्यय लागून तो झाला भरडला गेलेला. आता मात्र प्रश्न टाळता येत नाही. जाते आपोआप फिरत नाही. कोणाचा तरी हात खुंट्यावर असतो. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि १९७२ साली ‘दलित पँथर’ उभी राहिली, तेव्हा तरुण कवींनी हा शब्द छातीवर मिरवला. इतरांनी दिलेली कितीतरी नावे बाजूला सारून त्यांनी हेच का उचलले, ह्याचे एक कारण माझ्या मते ह्या इवल्या प्रत्ययात आहे. तो दया मागत नाही. तो साक्ष देतो.

महाडच्या ज्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह पाणी प्राशन केले, त्या तळ्याचे नाव ‘चवदार तळे’. मराठी ‘चव’ आणि फारसी ‘दार’. त्या पाण्याची चव कशी आहे हे सांगण्याचासुद्धा अधिकार गावातल्या काही माणसांनाच होता. तळ्यावरून कज्जा झाला, दहा वर्षे चालला, आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात स्पृश्य मंडळींचा दावा फेटाळला गेला.

इकडे रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर भाषाशुद्धीच्या मागे लागले होते. १९२४ पासून १९३७ पर्यंतच्या त्या काळात आणि पुढेही त्यांनी शब्दांची टांकसाळच उघडली. मेयरला महापौर, तारखेला दिनांक, नंबरला क्रमांक. सिनेमाला चित्रपट आणि बोलपट. शिवाय दूरध्वनी, विधिमंडळ, हुतात्मा, प्राचार्य. हे शब्द कुठे त्यांनी घडवले, कुठे जुन्यातून उकरून काढून चालते केले. आज मराठी वर्तमानपत्राचे एक पानही ह्या शब्दांवाचून छापता येणार नाही. टांकसाळीची युक्ती पाहण्यासारखी आहे. ‘पुर’ शब्दाचा पहिला स्वर वाढवून ‘पौर’ केला, म्हणजे नगरातला माणूस. त्यापुढे ‘महा’ जोडला आणि सबंध शहराचा प्रमुख उभा केला. आणि प्रोफेसरांसाठी त्यांच्या यादीत असलेला ‘प्राध्यापक’ तर मोठा चतुर. अध्यापकाच्या आधी ‘प्र’ लागला, आणि नावाआधीचे ‘प्रो.’ जाऊन ‘प्रा.’ आले तरी कोणाला धक्का बसला नाही.

त्या वेळच्या वादात माधव जूलियनांची जागा अगदी वेगळी. हे फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवणारे, १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणारे. त्यांच्या कवितेत फारसी शब्दांची नुसती रेलचेल. आणि ह्याच गृहस्थांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीची बाजू घेतली! लोकांना हे कोडे वाटले. मला वाटते, ज्याला परक्या शब्दाची खरी किंमत ठाऊक असते त्यालाच तो कुठे नको हे उमगते; इतरांना सगळेच सारखे दिसते. मात्र ह्या शुद्धीची पकड शब्दांवर बसली तशी प्रत्ययांवर कधीच बसली नाही. हजरचे उपस्थित झाले, तरी गैरहजर आपला हजेरीपटावर कायम आहे. आणि सगळ्यांत मोठी मौज ‘सर’ने केली. शिवकालात सरनौबतांचे सेनापती झाले होते. पुढे मराठीने त्या सेनापतींच्याच डोक्यावर ‘सर’ चढवून सरसेनापती केले. पंचांमधल्या प्रमुखाला सरपंच म्हटले. पक्षांच्या आणि संघटनांच्या कार्यालयांत सरचिटणीस बसवले. आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सर्वांत थोर आसनावर जे बसतात ते मराठीत ‘सरन्यायाधीश’. न्यायाधीश हा शब्द थेट अष्टप्रधानांतला, आणि त्याच्या माथ्यावर शिरपेच फारसी! ही जोडी फोडावी असे आजवर कोणाला वाटलेले नाही. वाटूही नये.

महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६० साली भाषा संचालनालय निघाले. १९६२ साली ‘पदनाम कोश’ आला, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. त्याआधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेकभाषी कोश काढून वाट घालून दिली होतीच. नव्या कोशाने उपसर्गांचा सढळ हाताने उपयोग केला. संचालक ठरला, की उपसंचालक, सहसंचालक, महासंचालक असे सगळे कुटुंब एका दमात तयार. ह्यातला काही भाग सोयीचा झाला आणि काही भाग हसण्याजोगा. ‘अपर सचिव’ आणि ‘अवर सचिव’ ह्यांत एका अक्षराचा फरक, आणि पगारात केवढा! लोकांनी ‘पदनाम कोशा’चा ‘बदनाम कोश’ करून टाकला. चेष्टेसाठीसुद्धा मराठी माणसाने पेटीतून काढला तो ‘बद’, म्हणजे पुन्हा फारसी उपसर्गच. तालुक्याच्या कचेरीत जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली आजही तहसीलदार असतात, आणि त्यांच्या हाताखाली नायब तहसीलदार. त्यांना संस्कृत पोशाख कोणी चढवला नाही.

बायकांच्या बाबतीत मात्र प्रत्यय अडखळले. पाटलाची ती पाटलीण, मास्तरांची ती मास्तरीण, डॉक्टरची डॉक्टरीण. हा ‘ईण’ वाघिणीत जातीने मादी सांगतो, पण माणसांत आला की बहुधा नवऱ्याचा हुद्दा सांगतो. मग ज्या बाईने स्वतः शिकवायला सुरुवात केली तिला काय म्हणायचे? संस्कृतातला ‘इका’ धावून आला आणि शिक्षिका, लेखिका, संपादिका झाल्या. पण तोही सगळीकडे पोहोचला नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील त्या सर्वोच्च पदावर निवडून आल्या तेव्हा ‘राष्ट्रपती’तल्या ‘पती’चे काय करायचे ह्यावर बरीच चर्चा रंगली, शेवटी ‘पती’ तसाच राहिला. खेड्यापाड्यांतल्या सरपंचपदांवर आता हजारो बाया आहेत. त्यांना ‘सरपंचीण’ म्हणताना मी कोणाला ऐकले नाही. म्हणतात ‘सरपंचबाई’, आणि हे मला चांगलेच वाटते. सरपंचीण म्हटले असते तर लोकांनी चौकशी केली असती, सरपंच कुठे आहेत म्हणून.

परत ‘दार’कडे येऊ. हा प्रत्यय आला तेव्हा तो थोड्यांचा होता. जहागीर धारण करणारा जहागीरदार, इनाम धारण करणारा इनामदार, वतन धारण करणारा वतनदार. ज्यांच्याकडे धारण करायला काही नव्हते त्यांच्या नावामागे ‘दार’ लागण्याचा प्रश्नच नव्हता. असलाच तर कर्जदार. इंग्रजांच्या राज्यात मताचा हक्क आला तोही सारा भरणाऱ्या, मिळकत असणाऱ्या किंवा ठराविक शिक्षण झालेल्या माणसांपुरता. पुढे १९५० च्या सुमारास दोन गोष्टी थोड्याफार अंतराने घडल्या. एकीकडे वतने आणि इनामे रद्द करणारे कायदे एकामागून एक होऊ लागले. दुसरीकडे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली आणि प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत महाडच्या तळ्यावर पाणी प्यालेला माणूस आणि त्याला अडवणारा माणूस एकाच यादीत आले. यादीचे नाव ‘मतदार यादी’. मत संस्कृत, दार फारसी, आणि नावे सगळ्या गावाची.

अलीकडचा काळ ‘करण’ प्रत्ययाचा आहे. जे शुक्ल नव्हते ते शुक्ल करणे म्हणजे शुक्लीकरण, अशी पाणिनीची जुनी तरतूद. तिच्यातून औद्योगिकीकरण आणि राष्ट्रीयीकरण निघाले इथपर्यंत ठीक होते. १९९१ नंतर ‘खासगीकरण’ आले. अरबी-फारसी वळणाच्या ‘खासगी’ला संस्कृत शेपूट लागले, म्हणजे आजवरचा व्यवहार उलट्या दिशेने झाला. मग रस्त्यांचे खडीकरण, डांबरीकरण, काँक्रीटीकरण. पाणिनीच्या नियमाने डांबरीकरण म्हणजे जे डांबर नव्हते ते डांबर करणे. पहिल्या पावसानंतर ते पुन्हा मूळ स्वरूपाला जाते, त्याला सूत्र मात्र कोणी लिहिलेले नाही.

सरकारी समित्यांचे सगळेच शब्द रुजतात असेही नाही. लग्नपत्रिकेवर ‘भ्रमणध्वनी’ छापतात आणि आमंत्रण करायला ‘मोबाइल’ लावतात. दूरध्वनीही कागदावरच राहिला. महापौर मात्र अस्सल मराठी होऊन बसला, कारण त्याला पोरेबाळे झाली: उपमहापौर, महापौरपद, महापौर चषक. आणि पिकाचा अंदाज सांगणारी ‘आणेवारी’ घ्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पुढे आणे व्यवहारातून गेले, आणि कचेरीने तिची ‘पैसेवारी’ केली. आणा गेला, पैसा आला. ‘वारी’ हलली नाही.

ह्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या सातवीच्या एका मुलीने ‘माझे गाव’ ह्या निबंधात लिहिले होते, “आमचे गाव डोंगराच्या मागे असल्यामूळे बेनेटवर्क आहे.” मी लाल पेन उघडले. ‘मूळे’तला दीर्घ ऊकार ऱ्हस्व केला, पुढच्या शब्दाजवळ थोडा वेळ थांबलो, आणि पान उलटले.